शेरेबुक

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही प्राथमिक शाळेत जा, कपाटात एक जाड वही सापडतेच. तिला शेरेबुक म्हणतात. शाळेला भेट देणारा प्रत्येक साहेब जाताना तिच्यात चार ओळी लिहितो, खाली सही करतो, तारीख घालतो. आधी शिक्षक आणि पुढं केंद्रप्रमुख म्हणून बदलापूरच्या आसपास माझी सगळी नोकरी झाली. त्यामुळं असली शेरेबुकं मी भरपूर वाचली. काही वह्या तर इतक्या जुन्या, की पान उलटताना कडा हातात यायच्या.

त्यातली भाषा ठरलेली असते. ‘उपस्थिती वाढवावी.’ ‘गणिताकडे विशेष लक्ष द्यावे.’ ‘अप्रगत विद्यार्थ्यांसाठी जादा तास घ्यावेत.’ वाढवावी, द्यावे, घ्यावेत. शाळेनं काय करायचं ते सगळं तिथं असतं. आपण शाळेला काय देणार, पुन्हा कधी येणार, हे लिहिणारा साहेब शंभरात एखादा. आपल्याकडं मागं पडलेल्या शाळांचा दीडशे वर्षांचा इतिहास मला या वहीत दिसतो. म्हणून म्हटलं, तो जरा क्रमानं सांगावा.

सुरुवात जोतीराव फुल्यांपासून करायला हवी. १८८२ साली सरकारनं नेमलेल्या हंटर आयोगापुढं त्यांनी निवेदन दिलं. त्यातलं शाळा तपासणीबद्दलचं म्हणणं आजच्या केंद्रप्रमुखानंही वाचावं असं आहे. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो, त्याचा शाळेला काही उपयोग होत नाही, असं ते स्पष्ट सांगतात. तपासणी निदान तीन महिन्यांनी व्हावी, आणि अधूनमधून न कळवताही व्हावी, ही त्यांची मागणी. म्हणजे हिशेब कडक मागा, याला त्यांची ना नव्हती.

पण त्याच निवेदनात दुसरी बाजूही आहे, आणि ती आपण सोयीनं विसरतो. मास्तरांना दहा रुपयांच्या वर पगार क्वचित मिळतो, तो निदान बारा करा. मास्तर शिकवून तयार केलेला असू द्या, आणि तो शेतकऱ्याच्या घरचा असला तर बरं. शेतसाऱ्यावर रुपयामागं एक आणा लोकल फंड वसूल होत होता. त्यातला निम्मा पैसा प्राथमिक शिक्षणाला द्या. नगरपालिकांना आपल्या हद्दीतल्या शाळा चालवायला कायद्यानं भाग पाडा. मुलांना बक्षिसं आणि शिष्यवृत्त्या द्या. एका हातात तपासणी आणि दुसऱ्या हातात मदत, असा तो सगळा विचार होता.

त्या काळच्या सरकारला यातला पहिला हात अगोदरच आवडलेला होता. विलायतेत १८६२ साली एक नियम निघाला. इन्स्पेक्टर येणार, मुलांची वाचन, लेखन, गणिताची परीक्षा घेणार, आणि जितकी मुलं पास होतील त्यावर शाळेचं अनुदान ठरणार. आपल्या मुंबई इलाख्यातही पुढच्या काही वर्षांत अनुदानित शाळांना हाच न्याय लावला गेला. विलायतेत त्याचं काय झालं, हे तिथल्याच लोकांनी लिहून ठेवलंय. मास्तर मुलांकडून वाचनाचं पुस्तक तोंडपाठ करून घ्यायला लागले. साहेबापुढं पोरगं घडाघडा ‘वाचायचं’, अक्षर ओळखत नसलं तरी. १८९० नंतर ती पद्धत त्यांनी हळूहळू मोडीत काढली. आपल्याकडं नियम गेला, पण साहेब येणार म्हटल्यावर पोरांकडून पाठ करून घ्यायची खोड काही गेली नाही.

आता बदलापूरकडं येऊ. जुनी माणसं सांगायची, की पूर्वीच्या वाटेवर घोडे बदलायचं हे ठिकाण, म्हणून नाव बदलापूर. खरं-खोटं उल्हास नदीला ठाऊक. या गावाचं दुसरं भाग्य म्हणजे ना. गो. चापेकर इथं राहिले. न्यायखात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या गावाचा बारकाईनं अभ्यास केला आणि १९३३ साली ‘बदलापूर’ हा ग्रंथ काढला. एका खेड्याची माणसं, जाती, धंदे, चालीरीती, सगळं त्यात नोंदलंय. मी नव्या शिक्षकांना नेहमी या पुस्तकाचं नाव सांगायचो. मोजणं दोन प्रकारचं असतं. चापेकरांनी गाव समजून घेण्यासाठी मोजलं. आमच्या खात्यानं बहुतेक वेळा शाळा मोजल्या त्या कुणाला तरी पकडण्यासाठी.

चापेकरांच्या काळात प्राथमिक शाळा लोकल बोर्डाकडं होत्या. १९२३ च्या कायद्यानं त्या सरकारकडून स्थानिक संस्थांकडं गेल्या होत्या. नंतर १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि पाटी बदलली. मी त्याच सुमारास पहिलीत बसलो. आमचं गाव बदलापूरपासून चालत दीड तासावर, बारवीच्या अंगाला. तेव्हा बारवीचं धरण झालेलं नव्हतं आणि आम्ही कल्याण तालुक्यात मोडायचो. अंबरनाथ तालुका मागाहून झाला.

वर्षातून एकदा ‘दिपोटी’ यायचा. डेप्युटी म्हणायला गावाची जीभ वळायची नाही. दिपोटीसाहेब येणार म्हटलं, की आदल्या दिवशी आम्ही पोरी-पोरं शेण आणून शाळा सारवायचो. गुरुजी हुशार पोरांना पुढच्या रांगेत बसवायचे. साहेब विचारायचे, पुढची रांग उत्तर द्यायची. मग पाटलाच्या ओटीवर जेवण, शेरेबुकात सही, की साहेब चालले स्टेशनकडं. मागच्या रांगेतली पोरं सारवण झकास करायची, पण साहेबांनी त्यांचा आवाज कधी ऐकलाच नाही. त्यातली निम्मी चौथीच्या आत गुरांमागं गेली.

१९७७ ला मी डीएड होऊन नोकरीला लागलो. पहिली शाळा एकशिक्षकी, चार वर्ग एका खोलीत. पावसाळ्यात फळ्यावर पाणी गळायचं. हजेरी, टाचणवही, मासिक पत्रक सगळं वेळेवर, कारण ते तपासलं जायचं. चौथीतल्या पोराला वाचता येतं का, हे तपासायला साहेबाला वेळ नसायचा.

दिलं काहीच नाही, असं म्हणणं मात्र खोटं होईल. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘खडू-फळा’ योजना आली. दरेक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवायचं साहित्य मिळावं, असा तिचा हेतू. माझ्या शाळेला दुसरा शिक्षक मिळाला, तो दिवस मला सणासारखा वाटला होता. त्याच धोरणातून जिल्ह्याजिल्ह्यात शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. ठाणे जिल्ह्याची ती संस्था, आम्ही तिला ‘डाएट’ म्हणतो, आमच्या बदलापूरजवळच, रहाटोलीला आहे. पार जव्हार-मोखाड्यापासूनचे शिक्षक तिथं यायचे, कारण पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ साली. चार-आठ दिवसांचं प्रशिक्षण करून जो तो आपापल्या गावी जायचा. तिथं शिकलेलं वर्गात उतरतंय का, हे बघायला वर्गापर्यंत जाणारा माणूस हवा होता.

तो माणूस १४ नोव्हेंबर १९९४ च्या शासन निर्णयानं जन्माला आला. त्याचं नाव केंद्रप्रमुख. साधारण दहा-बारा शाळांचं एक केंद्र, आणि त्याला एक अनुभवी शिक्षक प्रमुख. राज्यभर ४,८६० पदं निर्माण झाली. विचार फार चांगला होता. साहेबाच्या आणि शाळेच्या मधे एक माणूस, ज्यानं स्वतः खडू धरलेला आहे, ज्याला प्रत्येक शाळेतलं पोर नावानं ओळखता येईल, आणि जो महिन्यातून दोनदा येईल. काही वर्षांनी मीही त्या पदावर गेलो.

माझ्या केंद्रात एका आदिवासी वाडीची शाळा होती. वाडीचं नाव लिहीत नाही. ठाकर आणि कातकरी, सगळी मजुरीवरची घरं. पटावर चोवीस मुलं, समोर नऊ. शेरेबुकात ओळीनं चार वर्षं एकच शेरा : ‘उपस्थिती समाधानकारक नाही, सुधारणा करावी.’ दरवर्षी शिक्षक खाली ‘पूर्तता करतो’ लिहायचा आणि सही करायचा. बदलून येणारा शिक्षकही बिचारा तेच लिहायचा.

मी पहिल्या महिन्यात शेरा लिहिला नाही. दर आठवड्याला एक दिवस वाडीवरच काढायला लागलो. कळलं ते इतकंच, की दिवाळी झाली की माणसं वीटभट्टीवर जातात आणि पोरंही बरोबर नेतात. आखाजीच्या आसपास परत येतात. एका बाईला मी म्हटलं, “पोराला इथं ठेवा की आजीपाशी.” ती म्हणाली, “गुरुजी, ठेवला असता. पन म्हातारीला एक येळची भाकर, त्यात याला काय घालंल ती?”

म्हणजे ‘उपस्थिती सुधारावी’ या शेऱ्याचं उत्तर भाकरीत होतं. पुढं सर्व शिक्षा अभियानात हंगामी वसतिगृहांची सोय झाली. आईबाप स्थलांतरावर गेले, तरी पोरं गावात राहावीत आणि त्यांच्या जेवणाचा खर्च योजनेतून व्हावा, अशी ती तरतूद. तिचा प्रस्ताव कसा करायचा, यादी कुठं द्यायची, हे वाडीवरच्या एकट्या शिक्षकाला कोण सांगणार? तो कागद मी केला, पाठपुरावा मी केला. आजीच्या घरी पोरं राहिली. शेजारच्या शाळेतल्या एका बाईंना वाचन शिकवायचा हातखंडा होता. त्यांना मी शनिवारी वाडीवर घेऊन जायचो आणि वाडीचे गुरुजी त्यांच्या शेजारी बसून बघायचे. दोन वर्षांनी चोवीसातली एकोणीस पोरं शिमग्यापर्यंत शाळेत होती. त्यातली बहुतेक वाचायला लागली. यात जादू काहीच नव्हती. तपासायला येणारा आणि मदत आणणारा माणूस एकच होता, आणि तो पुन्हा यायचा.

पण हे फार दिवस टिकलं नाही. बघता बघता केंद्रप्रमुखाचा टपालवाला झाला. ‘माहिती तातडीने सादर करावी’ असा निरोप सकाळी यायचा आणि दुपारी चारपर्यंत बारा शाळांची माहिती पंचायत समितीत हवी असायची. शौचालयं किती, वजनकाटे किती, तांदूळ किती शिल्लक. शाळेत गेलो की शिक्षक पोरं सोडून तक्ते भरायला बसायचे. पदंही रिकामी पडत गेली आणि एकेका माणसाकडं दोन-दोन केंद्रांचा भार आला. दोन केंद्रं म्हणजे वीस-बावीस शाळा. मग महिन्यातून दोनदा कसलं, सहा महिन्यांतून एकदा गेलो तरी पुष्कळ. १८८२ चा डेप्युटी इन्स्पेक्टर असा पुन्हा उगवला.

ऑक्टोबर २०११ मधली पटपडताळणी या मोजणीचा कळस. तीन दिवसांत राज्यातल्या सगळ्या शाळांची एकदम मोजणी झाली. एक पोर दोन शाळांत दाखवू नये म्हणून निवडणुकीसारखी बोटाला शाई लावली. पटावरची सुमारे २० लाख मुलं प्रत्यक्षात सापडली नाहीत. खोट्या पटावर अनुदान, शिक्षक आणि तांदूळ उकळणाऱ्या शाळा होत्या, हे खरंच आहे. ती चोरी पकडायलाच हवी होती. पण आमच्याकडं ते दिवस हळव्या भाताच्या कापणीचे. खरी पोरंही शेतावर होती. गैरहजर पोर खोटं आहे की गरीब आहे, हे शाईच्या बाटलीला कळत नाही.

मी निवृत्त झालो २०१५ ला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. सुरुवातीला मला त्याचं कौतुक वाटलं. त्याच्यामागं सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं उदाहरण होतं. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या बीटमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादाचं काम उभं केलं होतं. भिंतीवर, फरशीवर अक्षरं आणि अंक, हातात खडे-काड्या, पोरं गटानं शिकताहेत. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून ते बघायला गेले, आमच्या तालुक्यातलेही गेले. साहेबाच्या हुकमानं जे होत नाही, ते शिक्षकानं शिक्षकाचा वर्ग बघून झालं. परत आल्यावर कित्येकांनी पदरच्या पैशानं फरशा रंगवल्या.

पण पुढं पुन्हा तेच. प्रत्येक मूल शिकलंच पाहिजे, इथून सुरुवात झाली आणि किती शाळा ‘प्रगत’ झाल्या या आकड्यावर गाडी आली. तालुक्या-तालुक्यात चढाओढ लागली. आकडा द्यायचाच म्हटल्यावर तो देता येतो, हे आमच्या खात्यात कुणाला शिकवावं लागत नाही. फरशीवरचा रंग कुमठ्यासारखा झाला. रंगामागं तिथं वर्षानुवर्षं वर्गात बसलेली अधिकारी बाई होती, ती मात्र फरशीबरोबर मिळत नव्हती. नोव्हेंबर २०१६ मध्ये तर पोरांबरोबर शिक्षकांनी सेल्फी काढून पाठवाव्यात, म्हणजे हजेरी कळेल, असा हुकूम निघाला. ओरड झाली, मग तो स्थगित झाला.

यानंतरचं वळण मात्र मला घोर लावणारं आहे. २०१७ च्या शेवटी दहापेक्षा कमी पट आणि गुणवत्ता कमी, असं कारण देऊन १,३१४ शाळा बंद करून जवळच्या शाळेत मुलं पाठवायचं ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांची कल्पना आली. वीसपेक्षा कमी पटाच्या साधारण १५ हजार शाळा तेव्हा राज्यात होत्या, त्यांत १ लाख ८५ हजारांच्या आसपास मुलं. त्यांना एका मोठ्या शाळेत आणायचं. पुण्याजवळचं पानशेत आणि नंदुरबारचं तोरणमाळ हे नमुने सांगितले गेले. मोठ्या शाळेत विषयाला शिक्षक, खेळायला सवंगडी, प्रयोगाला खोली मिळते, यात तथ्य आहे. चार पोरांच्या वर्गात शिकणं कंटाळवाणं असतं, हे मी शिकवलेलं आहे, मला ठाऊक आहे. पण पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असं शिक्षण हक्काचा नियम सांगतो. आमच्या भागात श्रावणात ओढा भरला, की शंभर पावलांचं अंतरही एक किलोमीटरहून लांब होतं. गाडीची सोय करू म्हणतात. गाडी महिनाभर आली नाही, तर शेरा कुणाच्या वहीत लिहायचा?

आणि पट कमी का झाला, हे कुणी विचारायचं? बदलापूरचंच बघा. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती ९८ हजारांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. माणसं दुप्पट व्हायला आली, इंग्रजी पाट्यांच्या शाळा गल्लोगल्ली उगवल्या. १९८३ मध्ये बदलापूर कल्याण महापालिकेत गेलं, १९९२ ला बाहेर पडलं, पुढं नगरपालिका झाली. पण शहरातल्या जुन्या मराठी शाळा अजून जिल्हा परिषदेच्या. रस्ता-गटार एकाचं, शाळा दुसऱ्याची. छप्पर गळलं तर अर्ज कुठं करायचा, इथूनच मुख्याध्यापकाची वणवण. नगरपालिकांवर शाळांची जबाबदारी कायद्यानं टाका, हे फुल्यांनी १८८२ ला का म्हटलं असेल, ते इथं उभं राहिलं की कळतं. दुर्लक्षानं आधी पोरं जातात. पोरं गेली की पट नाही म्हणून शिक्षक जातो, आणि शिक्षक गेला की गुणवत्ता नाही म्हणून शाळा जाते.

कागदावरची देखरेख किती पोकळ असते, ते ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या गावानं फार जीवघेण्या रीतीनं पाहिलं. शाळा खासगी होती. चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराची बातमी आली आणि हजारो माणसं रेल्वे रुळांवर उतरली. मुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत सखी-सावित्री समित्या नेमायचा आदेश २०२२ पासून होता. त्या समित्या खरंच आहेत का, याची शोधाशोध घटनेनंतर सुरू झाली. सरकारी असो की खासगी, समिती कागदावर नेमली, की आपलं काम संपलं असं व्यवस्थेला वाटतं.

शाळांकडून हिशेब मागूच नये, असं म्हणणाऱ्या शिक्षकांपैकी मी नाही. पोराला वाचता येत नसेल, तर जाब विचारलाच पाहिजे, आणि तो मलाही विचारला पाहिजे होता. पण वाडीवरच्या आईचाही एक जाब आहे, तो वर विचारायला जागा नाही. शिक्षण हक्काच्या कायद्यानं पालकांची शाळा व्यवस्थापन समिती केली, तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असायला हव्यात. बहुतेक ठिकाणी त्या बाया अंगठ्यापुरत्या बोलावतात. माझं साधं म्हणणं आहे. शेरेबुकाच्या पानावर मधोमध एक रेघ मारा. डाव्या बाजूला साहेबानं शाळेला काय सांगितलं ते लिहा. उजव्या बाजूला साहेब शाळेला काय देणार आणि कुठल्या तारखेला परत येणार ते लिहा. त्या तारखेला साहेब आला की नाही, याची सही समितीतल्या एखाद्या आईनं करावी.

मी सांगितलेल्या त्या वाडीची शाळा अजून चालू आहे. आज तिथं अकरा मुलं आहेत. मागच्या पावसाळ्यात सहज चक्कर मारली. तिसरीतली एक पोरगी पायरीवर बसून धाकट्या भावाला गोष्ट वाचून दाखवत होती. तिची आजी जवळ बसून भात निवडत होती. मला म्हणाली, “गुरुजी, शाळा दूर नेनार म्हनत्यात. खरं हाय का?”

मी म्हटलं, “समितीच्या बैठकीला जा आणि विचार.”

ती म्हणाली, “गेले व्हते. साहेब आले नाय.”